रानात जाताना पायात काय घालायचं? साप आणि गोचीड, दोघांचा हिशोब वेगळा

काजूच्या सीझनला गावी गेलो की माझी नजर आधी लोकांच्या पायांकडे जाते. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. फेब्रुवारी ते मे बागेत बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडायला लागले की सकाळी सहालाच सगळी माणसं डोंगरावर आणि पायात काय, तर हवाई चप्पल. काकीचंच बघा, गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, वरून काकांचा जुना फुलशर्ट, डोक्याला टॉवेल, हातात आकडी, म्हणजे वरचं सगळं अंग झाकलेलं आणि साप नि गोचीड दोघंही जिथून येतात ती खालची दीड फूट जागा मात्र पूर्ण उघडी.

इकडे पुण्यात दुसरंच टोक. ट्रेकला नवीन आलेल्या मुलांपैकी एकतरी दर पावसाळ्यात विचारतो, "दादा, सापापासून सेफ असा एखादा शूज सांग ना", आणि त्याच्या पायात तेव्हा सहासात हजारांचा जाळीचा रनिंग शूज असतो, ज्यातून सापाचा दात सोडा, काटासुद्धा आरपार जातो. पण गोंधळ दोन्हीकडे सारखाच आहे. आपण साप, गोचीड, जळू, विंचू हे सगळं "रानातलं चावणारं" म्हणून एकाच पिशवीत टाकतो आणि मग एक चांगला बूट शोधायला निघतो. साप पायापर्यंत पोचतो ती रीत आणि गोचीड पोचते ती रीत इतकी वेगळी आहे की एकाला अडवणारी गोष्ट दुसऱ्याला अजिबात अडवत नाही. सापासाठी बघायची जाडी आणि उंची, गोचिडीसाठी बघायची फट. एवढं डोक्यात बसलं की दुकानात काय बघायचं ते आपलं आपल्याला कळतं.

सापाचं आधी घेऊ. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि मुंबईच्या हाफकिनसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तापासून जे प्रतिविष बनतं ते या चौघांवरचंच असतं. यातल्या मण्यारीचा बुटाशी फारसा संबंध नाही, तिच्याकडे नंतर येतो. चालताना गाठ पडते ती जास्त करून घोणशीशी नि फुरशाशी, कारण हे दोघं पळून जात नाहीत. नागाला किंवा धामणीला पायांची धमक लागली की ते बाजूला सरकतात, त्यामुळे "पाय आपटत चाला" हा सल्ला त्यांच्यापुरता ठीक आहे, पण घोणस आणि फुरसं आपल्या अंगावरच्या रंगावर विसंबून पाचोळ्यात तसंच पडून राहतं, तुम्ही अगदी वर जाईपर्यंत हलत नाही आणि मग एकदम झेप घेतं. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसं अंगावरचे खवले घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं, पण वाळलेल्या पानांत आपण चालत असताना तो आवाज ऐकू येईलच असं नाही.

साप किती लांब झेपावतो याचा ढोबळ अंदाज म्हणजे त्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा ते निम्मी लांबी. फुरसं आपल्याकडे फूट-सव्वा फुटाचं, म्हणजे त्याची झेप वीतभर, आणि म्हणून त्याचा दंश बहुतेक वेळा बोटांना, पावलाला नाहीतर घोट्याला असतो. घोणस तीनचार फुटांची, जाडजूड, ती पोटरीपर्यंत सहज येते. दातांतही तसाच फरक. फुरशाचा विषदात अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास, मोठ्या घोणशीचा दीड सेंटीमीटरपर्यंत, आणि हे दात घडीच्या चाकूसारखे टाळूला दुमडून ठेवलेले असतात, तोंड उघडलं की पुढे येतात. नागाचे दात त्यामानाने आखूड आणि जागेवर पक्के. म्हणजे जिथे फुरसंच जास्त आहे त्या जांभ्याच्या कातळावर घोट्यापर्यंतचा जाड बूटही भरपूर काम करतो, आणि जिथे घोणस आहे, म्हणजे गवत, बांध, ऊस, भात, बाग, तिथे गुडघ्याच्या जवळपास जाणारं काहीतरी लागतं. फुरसं म्हणजे लहान साप म्हणून हसण्यावारी नेऊ नका. १८६२ साली रत्नागिरी भागात इंग्रज सरकारने फुरशामागे बक्षीस लावलं तेव्हा आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली होती, त्या काळी त्या कातळावरून अनवाणी जाणाऱ्या माणसांची काय गत होत असेल विचार करा.

आता जाडीचं. विषदात म्हणजे इंजेक्शनची पोकळ सुई. ती कापडातून जातेच, पण कातडीच्या आत किती शिरते आणि किती विष सोडते यावर पुढचं सगळं ठरतं. त्यामुळे जाडीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे बूट आणि पाय यांच्यामधली मोकळी जागा. दात बुटाच्या भिंतीतून आरपार गेला तरी पुढे बोटभर हवा आणि जाड मोजा असेल तर तो पोकळीतच थांबतो. अंगाला घट्ट बसणारी लेगिंग किंवा ट्रॅकपँट याच कारणासाठी सापाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी, आणि ढगळ जीन्स बरीच बरी. अमेरिकेत रॅटलस्नेकवर याचा प्रयोग झालाय, माणसाच्या हातापायाचं मॉडेल म्हणून कोमट खारट पाण्याने भरलेला हातमोजा एकदा उघडा आणि एकदा डेनिम घालून सापापुढे धरला, तेव्हा डेनिम असताना आत गेलेलं विष साधारण दोन तृतीयांशाने कमी भरलं. साधी जीन्स हो. आपल्याकडे २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला साधारण ५८,००० आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या शेतीच्या महिन्यांतले, आणि दंश बहुतांशी पायाला. हे आकडे वाचल्यापासून मला चारपाचशेच्या गमबुटाकडे नुसता चिखलातला बूट म्हणून बघता येत नाही.

गोचिडीचा प्रकार मात्र पूर्ण निराळा. ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकते असं लोक म्हणतात तेही खरं नाही. ती गवताच्या पात्याच्या किंवा पानाच्या टोकावर चढते, मागच्या पायांनी पान धरून ठेवते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट बघते. त्या पुढच्या पायांवर एक बारीकसा अवयव असतो, त्याने तिला अंगाची ऊब, घामाचा वास, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, सगळं कळतं. तुम्ही घासून गेलात की ती चिकटते आणि मग चालायला लागते, कायम वरच्या दिशेने. लगेच चावतही नाही, आधी मऊ जागा शोधते, गुडघ्याची मागची बाजू, जांघ, नाडीखालची कंबर, काखेपर्यंतसुद्धा जाते. बूट दोन मिलिमीटर जाड आहे की वीस, तिला काय फरक पडतो, ती तर बुटाच्या बाहेरून चालत निघालीय. उंच बुटाने तिचा रस्ता लांबतो एवढंच. तिला अडवायचं तर पँट आणि बूट यांच्यामध्ये आत शिरायला फट ठेवायची नाही.

गेल्या मार्चमध्ये बागेतून आल्यावर पडवीत बसून बूट काढले आणि पांढऱ्या मोज्यावर काहीतरी काळसर दिसलं, चहाच्या पावडरीचा कण असावा असं. झटकलं तर पडेना. मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघितलं तर तो कण चालत होता. मोज्याच्या विणीवरून एकेक धागा ओलांडत वर, मध्येच थांबला, पुढचे दोन पाय उचलून हवेत हलवले, परत वर. तिळापेक्षाही लहान. त्या एका मोज्यावर असे सात निघाले, सेलोटेप चिकटवून एकेक उचलला. काळा मोजा असता तर मला एकही दिसला नसता, आणि पँट मोज्यात खोचलेली नसती तर ते सातही पँटच्या आत असते.

ही तिळाएवढी गोचीड म्हणजे पिल्लाच्या नि मोठीच्या मधली अवस्था, आणि आमच्या भागात भीती आहे ती हिचीच, कारण माकडताप माणसाला मुख्यतः हीच देते. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडायला लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीच्या लोकांनी हा विषाणू शोधून काढला आणि गोचीडच तो पसरवते हे दाखवलं. बरीच वर्षं तो तिकडेच होता, मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात नि २०१६-१७ मध्ये आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग आणि बांद्याकडे, मोठी साथ आली. माणसाकडून माणसाला तो होत नाही. लागण झालेल्यांपैकी शंभरात तीन ते पाच माणसं जातात. खास औषध नाही, जुनी लस होती ती पुरेशी उपयोगी ठरत नाही म्हणून थांबवलीय, म्हणजे राहता राहिलं काय, तर गोचीड चावू न देणं. आणि दुर्दैव असं की त्या लहान गोचिडींचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे, नेमका काजूचा आणि पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, गोळा करायचा. तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं पेरायची जमीन भाजायला, आणि गोठ्यात गुरांखाली घालायला बायका झाडाखालचा पातेरा हाताने ओढून गोळा करतात, मोळी बांधून डोक्यावर घेतात. गोचिडीला याहून सोयीचं काय असणार?

विदर्भातल्या वाचकांसाठी एक जोडून सांगतो, २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफस पसरला होता तो गोचिडीमुळे नव्हे, झुडपांतल्या त्याहून बारीक माइट्समुळे, पण तेही पायावरून वर चढूनच येतात, त्यामुळे फट बंद करण्याचा नियम तिथेही लागू.

आता प्रत्यक्ष पायात काय घालायचं. स्लीपर, सँडल, क्रॉक्स यांच्यावर वेळ घालवत नाही. जाळीचे स्पोर्ट्स शूज रस्त्यावर पळायला, रानात नको. कॅनव्हासचे हंटर शूज, जुन्या ट्रेकर्सच्या पायात असायचे ते, घोट्यापर्यंत येतात, स्वस्त आणि लवकर वाळतात, फुरशाच्या दातापुढे जाळीपेक्षा कितीतरी बरे, पण घोणशीपुढे कॅनव्हास म्हणजे कापडच. कातडी अँकल बूट, पोलीस किंवा फॅक्टरीतले सेफ्टी बूट असतात तसे, पावलाला नि घोट्याला उत्तम, पण ओले झाले की दोन दिवस वाळत नाहीत, आणि स्टीलची टोपी असलेला बूट डोंगर चढायला उगाच जड.

शेतात, बागेत, गोठ्यात, बांधावर काम करणाऱ्या माणसासाठी माझं मत विचाराल तर गमबूट. पीव्हीसीचा, गुडघ्याच्या खाली चार बोटं येणारा. म्यानमारमध्ये भातशेतीत घोणशीचे दंश फार, तिथे शेतकऱ्यांना बूट देऊन ते खरंच वापरतात का याचासुद्धा अभ्यास केला गेला, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे, कारण खुंटीला टांगलेला बूट कुणालाच वाचवत नाही. गमबूट म्हणजे चिलखत नाही हेही सांगतो, मोठी घोणस समोरून पूर्ण जोराने चावली तर पातळ पीव्हीसीतून दात जाऊ शकतो, पण गोल गुळगुळीत भिंतीवरून दात घसरायची शक्यता, आतली मोकळी जागा आणि जाड मोजा हे तिन्ही मिळून उघड्या पोटरीच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुकानात गमबूट घेताना तो हातात घेऊन पुढच्या बाजूला, जिथे बोटं मुडपतात तिथे, दोनतीनदा वाकवून बघा. कडक आवाज करत वाकणारा आणि वाकल्यावर पांढरी रेघ उमटणारा बूट उन्हाळ्यात तिथेच तडकणार. माझी एक जोडी पहिल्याच मे महिन्यात तशी गेली. मऊ, जरा जड वाटणारा, आतून कापडाचं अस्तर असलेला घ्या. घरून जाड मोजे घेऊन जा, ते घालूनच बूट घालून बघा आणि दुकानात चार पावलं नाही, पायरी असेल तर पायरी चढून बघा. टाच आत वरखाली व्हायला लागली तर संध्याकाळपर्यंत फोड येणार, आणि फोड आले की दुसऱ्या दिवसापासून परत चप्पल. अर्धा नंबर मोठा घेऊन आत सुकतळा टाकला तर टाच धरून राहते आणि मघाशी म्हटलं ती मोकळी जागाही मिळते. सोलच्या खाचा खोल हव्यात. आणि मिळाला तर पांढरा घ्या. पांढरे गमबूट मासळीच्या, दुधाच्या फॅक्टऱ्यांत वापरतात म्हणून त्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात, रंग लवकर मळतो हे खरं, पण मळलेल्या पांढऱ्यावरसुद्धा गोचीड दिसते, काळ्यावर दिसतच नाही.

गमबुटाची कमजोरी म्हणजे वरचं तोंड. ते सैल असतं, त्यातून पाचोळा आत पडतो, पाचोळ्याबरोबर गोचीडही. पँट बुटाच्या बाहेर ठेवली तर ती बाहेरून चढून पँटवर आणि पँटच्या खालच्या उघड्या कडेतून आतही जाते. म्हणून गोचिडीच्या दिवसांत पँट मोज्यात, मोजा बुटात, आणि बुटाच्या तोंडावर पट्टी. पट्टी घरीच होते, जुन्या जाड मोज्याचं पाऊल कापून टाका, उरलेली नळी अर्धी पँटवर नि अर्धी बुटाच्या काठावर ओढा, झालं. मोजे मात्र बारीक विणीचे, गुडघ्यापर्यंतचे आणि फिके हवेत, नि त्यासाठी ट्रेकिंगच्या दुकानात जायची अजिबात गरज नाही, जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात लांब पांढरे मोजे ढिगाने असतात. दोन जोड घ्या, घामाने ओले झाले की दुपारी बदलायला.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मनाला फार लागते. रानात पातेरा, काजू, लाकूडफाटा या कामांना बायकाच जास्त, आणि बाजारात गमबूट मागायला गेलं की सात नंबरच्या खाली काही नाही. काकीसाठी मी तीन बाजार फिरलो, प्रत्येक ठिकाणी "लेडीज साइज येत नाय" एवढंच. सात नंबर आणून दिला तर म्हणाली, "झिला, ह्या घालून चढाक नाय जमणा माका, पाय शिजतत ह्येच्यात." बरोबरच होतं तिचं, चार नंबरच्या पायात सात नंबरचा बूट घालून डोंगर चढायला मलाही जमलं नसतं. असा बूट मिळेपर्यंत मधला मार्ग म्हणजे साडीच्या आत मुलाची जुनी ढगळ पँट, वरून लांब मोजे आणि घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे बूट, जे लहान नंबरात मिळतात. घोणशीपुढे हे अपुरं आहे, पण गोचिडीपुढे जवळजवळ पुरेसं आणि फुरशापुढे बरंच बरं.

भातलावणीचं विचारतात लोक, चिखलात गमबूट रुततो, मग? तिथे खरंच चालत नाही, आणि जबरदस्तीही करू नये. पण घरापासून खाचरापर्यंत जाताना, बांधावरून, गवतातून, संध्याकाळी परत येताना तो घालता येतो, चिखलात उतरताना बांधावर काढून ठेवायचा, आणि परत घालायच्या आधी झटकायचा.

सह्याद्रीतल्या ट्रेकचं गणित मात्र वेगळं आहे आणि तिथे मी गमबूट सांगणार नाही. ओला कातळ, शेवाळ, घसारा, अशा ठिकाणी गमबूट घालून गेलात तर साप दिसायच्या आधी घोटा मुरगळेल, कड्यावर असाल तर त्याहून वाईट. ट्रेकला पहिला निकष ग्रिप, दुसरा घोट्याचा आधार, सापाची जाडी तिसऱ्या नंबरला. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज इतकी वर्षं आपल्याकडे चाललेत ते त्या सोलसाठीच. घोट्याच्या वर जाणारा, बाजूंना जाळी नसलेला, आपल्या पायाला सवय झालेला बूट घ्या, त्यावर ढगळ जाड पँट, आणि घोटा ते गुडघा या मधल्या भागासाठी गेटर, म्हणजे पँटवरून पोटरीभोवती बांधायचं आवरण. साधे कापडी गेटर गोचीड, जळवा, कुसळं अडवतात. सापासाठीचे खास गेटर येतात, जाड नायलॉनचे, काहींत प्लास्टिकच्या पट्ट्या, ते महाग पडतात आणि आपल्या उकाड्यात सगळेच दिवसभर सहन करत नाहीत, पण वनखात्यात, सर्व्हेला, रात्री बेडूक-साप बघायला फिरणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. पावसाळ्यात जळवांसाठी जे लीच सॉक्स वापरतात, गुडघ्याखाली नाडी बांधायचे घट्ट विणीचे, ते गोचिडीलाही तितकेच चांगले अडवतात, फक्त पँटच्या वरून घाला, आतून नाही.

औषधांचं थोडक्यात. माकडतापाच्या भागात रानात जाण्याआधी उघड्या हातापायांना लावायचं तेल येतं, डीआरडीओने बनवलेलं डेपा त्यातलंच, आरोग्य केंद्रात चौकशी करा. बाहेरच्या देशांत बूट-कपड्यांवर परमेथ्रिन फवारतात, ते गोचीड मारतं, पण ते कपड्यांसाठी बनवलेलंच असायला हवं आणि अंगाला लावायचं नसतं. आपल्याकडे काहीजण गुरांच्या गोचिडीचं औषध किंवा शेतातलं कीटकनाशक बुटांवर, मोज्यांवर मारतात. कृपा करून असं करू नका, घामाबरोबर ते कातडीतून आत जातं.

बुटाला जे जमत नाही तेही माहीत असू दे. आंबोलीसारख्या ठिकाणी चापडा, म्हणजे झाडावर राहणारा विषारी साप, फांदीवर, हाताच्या नि तोंडाच्या उंचीला बसलेला असतो, तिथे बघून हात घालणं एवढंच आपल्या हातात, आणि आपलं नेहमीचं प्रतिविष चापड्यासाठी बनवलेलं नसतं हेही लक्षात ठेवा. गवत कापताना, पातेरा ओढताना, बोंडू उचलताना हात पायाच्या पुढे जातो, म्हणून आधी काठीने किंवा आकडीने पाचोळा हलवायचा आणि मग हात. आणि मण्यार. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, सकाळी पापण्या जड झाल्यावर कळतं. तिच्यापासून वाचवते खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. रात्री परसाकडे जाताना मात्र बूट आणि टॉर्च दोन्ही हवेत.

रानातून आल्यावर बूट आणि कपडे बाहेरच काढा, कपडे गरम पाण्यात घाला, आणि अंघोळीच्या वेळी गुडघ्याची मागची बाजू, जांघ, कंबर, काख, कानामागे हाताने चाचपून बघा, लहान मुलांचे केसही. गोचीड रुतलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर, हळू, न पिळता ओढा. रॉकेल, मीठ, पेटती काडी, चुना, काही नको. बोटांनी चिरडूही नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा, कारण माकडतापाचा ताप साधारण तीन ते आठ दिवसांनी येतो, अचानक सणकून ताप, डोकं नि अंग ठणकणं, आणि तेव्हा डॉक्टरला "मी रानात गेलो होतो, गोचीड चावली होती" हे आपणहून सांगायला हवं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच आसपास पसरलेल्या असतात. लांबूनच परत फिरा आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

आणि सगळं करूनही साप चावलाच तर बूट ताबडतोब पण हळुवार काढायचा, कारण पाय सुजणार आहे, आणि सुजल्यावर तो कापूनच काढावा लागतो. पैंजण, जोडवी, घट्ट मोजा, सगळं लगेच उतरवा, जोडवी तर आधी. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. पाय मोडल्यावर बांधतात तसा लाकडाला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना, जिथे प्रतिविष असतं.

काकीचे बूट यंदा मिळाले. चार नंबरचे, पांढरे, मासळीच्या एका फॅक्टरीला माल देणाऱ्या माणसाकडून. पहिले आठ दिवस ती बागेच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, घालून जायची आणि आत शिरल्यावर काढायची, मग आत सुकतळा घातला, मोजे बदलले, आता दुपारपर्यंत तरी घालते. आल्यावर ते पडवीत ठेवत नाही. अंगणात तुळशीच्या पलीकडे तिने काकांकडून दोन खुंट ठोकून घेतलेत, बूट त्यावर उलटे अडकवते, म्हणजे आत वारा लागतो आणि रात्री विंचू, फुरसं काही शिरत नाही. तरी सकाळी घालायच्या आधी ती ते दगडावर दोनदा आपटतेच.